कंबर सोडा, कंबर जोडा

बाळांनो, एका जंगलात आंब्याचं एक झाड होतं आणि त्यावर लाल मुंग्यांचं राज्य होतं. या मुंग्या पानं ओढून घरं बांधायच्या. एकीने दुसरीची कंबर धरायची, दुसरीने तिसरीची, आणि सगळ्यांनी मिळून पान ओढायचं. त्यासाठी हुकूम ठरलेला होता: ‘कंबर धरा, पान ओढा, कंबर सोडा.’

एके दिवशी मुखिया तांबोजीराव हुकूम द्यायला उभे राहिले. तोंडात गुळाचा खडा होता. तो काढणं त्यांच्या जिवावर आलं. ते तसेच ओरडले, “कंबर धरा, पान ओढा, कंबर जोडा!”

लाखी नावाची मुंगी अगदी पुढे होती. चूक तिला स्वच्छ ऐकू आली. पण तांबोजीरावांनी नुकताच सगळ्यांना गूळ वाटला होता. बोलायला तोंड उघडलं असतं, तर तिचा खडा पडला असता. लाखी गप्प बसली.

झालं! पान आलं, पण कंबर कुणी सोडेना. मुंग्या एकमेकींना घट्ट चिकटल्या. मागून जी येई, ती शेवटच्या मुंगीकडे बघून तशीच चिकटे. जुना हुकूम पाठ असलेल्यासुद्धा चिकटल्या.

पलीकडच्या फांदीवर मुखियांचे मेव्हणे नांगीराव होते. त्यांनी ऐकलं ‘मोडा’, आणि तसाच हुकूम पुढे दिला. तिथल्या मुंग्या कमरेत दुमडून एकमेकींत अडकल्या. इकडची साखळी सरळ काठीसारखी झाली, तिकडची नागमोडी. एका अक्षराने घडण बदलली. अक्कल दोन्हीकडे सारखीच गहाण पडली होती.

मग दोन्ही फांद्यांवरचे विद्वान भांडू लागले.

“आमची साखळी सरळ आहे!”

“आमची वळणदार आहे!”

झाडाची पानं सुकत होती. तिकडे बघायला या दिवट्यांना सवड नव्हती.

लाखीचं बाळ फांदीच्या टोकाला होतं आणि वाट साखळीने पार बुजली होती. लाखी शेवटच्या मुंगीपाशी धावली.

“ताई, सोड गं! माझं बाळ उपाशी आहे.”

“हुकूम जोडायचा आहे.”

“सोडायचा होता! मी जुना हुकूम जाणते. चूक झाली तेव्हा मी तिथेच होते.”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

लाखीने त्या मुंगीची कंबर धरली आणि जीव खाऊन ओढली. पण कंबर धरल्यावर पुढे काय करायचं, ते आता सगळ्या झाडाला एकच ठाऊक होतं. मागून कुणीतरी लाखीची कंबर धरली.

टोकावरून बाळाच्या हाका येत होत्या. लाखीला त्या ऐकू येत होत्या, पण हलता येत नव्हतं. हळूहळू हाका बारीक झाल्या आणि थांबल्या.

“वा! काय ही एकी!” तांबोजीराव म्हणाले, आणि त्यांनी नवा खडा तोंडात टाकला.

तात्पर्य: मोठ्यांचं एखादं अक्षर चुकलं, तर मुळीच टोकू नये. टोकायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंडातला गूळ पडतो. बाळं काय, आणखी होतील.