परकारचाचांची बरणी

परकारचाचा कुणाला 'कसे आहात' असं विचारत नाहीत. लिफ्टमध्ये भेटले की शर्टाच्या खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढतात, त्यावरचा आकडा वाचतात आणि म्हणतात, "आज त्रेसष्ट. तुमच्याकडे?" हे हवेतल्या दमटपणाबद्दल असतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी गडबडून माझं वय सांगितलं होतं.

इथे आखातात, अल मनखूल भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. गाव दापोलीकडचं, वय साठीच्या पुढे, नोकरी जहाजांना सामान पुरवणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपरची. बाकी सगळा वेळ झाडपाला वाळवण्यात जातो. बाल्कनीत कुंड्याच कुंड्या. पुदिना, मेथी, गवती चहा. कापणी झाली की जुड्या बांधायच्या, बेडरूममध्ये दोरीवर उलट्या टांगायच्या, काळा पडदा ओढायचा आणि एसी लावायचा. बिल वाढतं म्हणून हॉलचा एसी बंद. म्हणजे मेथी गारव्यात आणि चाचा टेबलफॅनसमोर बनियनवर घाम पुसत बसलेले.

मग काडी वाकवून बघायची. नुसती वाकली तर थांबायचं, कट्‌ करून मोडली की पाला बरणीत. बरणी पाऊणच भरायची आणि रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं झाकण उघडायचं, म्हणजे आतला दमटपणा निघून जातो. असे तीन आठवडे. "घाई केली की वास जातो," हे त्यांचं पालुपद. माझं प्रमोशन हुकलं तेव्हाही मला हेच सांगितलं, आणि माझी मेहुणी लग्नाला तयार होईना तेव्हा तिलाही.

त्यांचा पुदिना बिल्डिंगभर जायचा. एक बरणी मात्र कुणाला मिळायची नाही. तिच्यात आखडलेले तपकिरी तुरे असायचे, वास चांगलाच उग्र. विचारलं तर "ती वेगळी चीज आहे, रेमंडभाय," म्हणून विषय बदलायचे.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांना स्टॉक मोजायला पाच दिवस फुजैराला जायचं होतं. जाताना नेमकी तीच बरणी त्यांनी माझ्या हातात दिली. दोन वेळा, दहा मिनिटं. चुकलं तर बुरशी, मग खलास. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, आणि लिफ्टचं दार बंद होताना बोटांनी खूण करून चौथ्यांदा.

आता माझं सांगतो. मी ऑफिसात कम्प्लायन्स बघतो, म्हणजे लोकांवर संशय घेण्याचा मला पगार मिळतो. शनिवारी दुपारी निवांत बसलो होतो, सहज फोनवर शोधलं: झाड उलटं टांगणे, काळोख, बरणी, रोज झाकण उघडणे. पहिलाच व्हिडिओ एका दाढीवाल्या गोऱ्याचा. तीच दोरी, तसाच काळा पडदा, काडीही तशीच कट्‌ करून मोडली. घाई केली की वास जातो, हेसुद्धा त्यानं इंग्रजीत सांगितलं. फक्त तो गांजा वाळवत होता.

या देशात असली वस्तू घरात सापडली म्हणजे काय होतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. नोकरी, व्हिसा, लेकीची शाळा, सगळंच गेलं असतं. माझी बायको ग्लोरिया म्हणाली, चाचांना फोन करून विचार. मी तिला वेड्यात काढलं, असलं कुणी फोनवर बोलतं का! "सात वर्षं त्यांचा पुदिना पितोस," ती म्हणाली. तोवर मी बाथरूममध्ये होतो.

अख्खी बरणी मी कमोडमध्ये उलटी केली आणि चार वेळा फ्लश केलं. तुरे गेले. पण त्यांतून सुटलेले बारीक काळे दाणे जाईनात. ते भांड्याला चिकटून बसले आणि माझ्या डोळ्यांदेखत फुगायला लागले. प्रत्येक दाण्याभोवती पांढरी बुळबुळीत जेली. मी ब्रश घेऊन बघतच राहिलो. ग्लोरिया मागून येऊन वाकली.

"रेमंड, हा सब्जा आहे. फालुद्यातला."

लाज वाटते, पण सांगतो. आधी मला हायसं वाटलं, आणि लगेच हे लपवायचं कसं याचा विचार सुरू झाला. चाचांचा विचार मनात आलाच नाही. खालच्या सुपरमार्केटमधून सब्जाचं पाकीट आणलं, सहा दिरहम, म्हणजे आपले दीडशेच्या आत. भरपाई झाली, असं मी स्वतःलाच सांगितलं.

चाचा परत आले त्या संध्याकाळी मी दारातच सांगून टाकलं की हात निसटला, बरणी फुटली, कचरा झाडून टाकला. आणि पाकीट पुढे केलं. ते पाकिटाकडे बघेनात. खाली माझ्या पायांकडे बघत होते.

"काच लागली नाही ना? लेकरू अनवाणी फिरतं तुमचं."

मग बाहेरच्या चपलांच्या स्टँडवर टेकले आणि हळूहळू बोलले. अकरा वर्षांपूर्वी त्यांची बायको गावी वारली. तिकीट मिळून पोचेपर्यंत दफन झालं होतं. त्यांच्याकडे कबरीवर सब्जा लावतात. तिच्या कबरीवरच्या सब्जाचं मूठभर बी त्यांनी इथे आणलं. गावी ते झाड बकऱ्या खातात, उन्हाळ्यात जळतं. म्हणून दर वर्षी इथे वाढवायचं, वाळवायचं, आणि पावसाच्या तोंडावर बी नेऊन तिथे पेरायचं. सगळं बी त्या बरणीतच होतं.

"तिच्या मातीला पोचलो नाही, भाय. म्हणून हे चालवत होतो." मग त्यांनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "हापण सब्जाच. ती काय बोलणार नाही."

तेव्हा बोलायला हवं होतं. दर नोव्हेंबरात मी वसईला बहिणीला फोन करून आईच्या कबरीवर कुठली फुलं ठेवायची ते सांगतो, त्यामुळे कळलं नाही असंही नव्हतं. पण मी फक्त सॉरी म्हणालो, तेही न फुटलेल्या बरणीबद्दल. दोन आठवड्यांनी चाचा माझं सहा दिरहमचं पाकीट घेऊन गावाला गेले.

काचेची बरणी अजून आमच्याच घरात आहे. तांदळाच्या डब्यामागे, धुतलेली, एक चरा नाही. बिल्डिंगच्या कचऱ्यात टाकायची हिंमत होत नाही, तिथे चाचाही जातात.

परवा त्यांनी बेल वाजवली. पुन्हा फुजैरा, पुन्हा पाच दिवस, हातात पुन्हा तुऱ्यांची बरणी, माझ्या त्या पाकिटातल्या बियांपासून वाढवलेल्या. या वेळी प्लास्टिकची. मला वाटलं, माझ्यावर भरवसा उरला नाही. बरंच झालं, असंही वाटलं.

"पडली तर पडू दे," चाचा म्हणाले. "गेल्या वर्षी मला वाटत राहिलं, तुम्हाला काच लागली असेल आणि मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही लपवलं असेल. खरं सांगा, लागलं होतं?"

"नाही, चाचा," मी म्हणालो. त्या बरणीबद्दल एवढं एकच मी त्यांना खरं सांगितलं आहे.