पंचाचा चहा

आमच्या शेजारचे अंबादास भोयर एकदा हात मिळवला की सोडत नाहीत. प्रेमानं नव्हे. तुमचा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरून ते तो दाबतात, अंगठ्यानं तळवा चोळतात, डोळे बारीक करतात आणि निकाल देतात, "चौदा टक्के. थोडी ओल आहे." नवा माणूस घाबरतो. त्याला वाटतं, हे वैद्य असावेत आणि आपलं काही खरं नाही.

तसं काही नसतं. भोयरकाका घाटंजीला कापूस खरेदीवर ग्रेडर होते. गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, मूठभर कापूस काढून दाबायचा, आणि ओल किती, माल कोणत्या प्रतीचा, हे तिथल्या तिथं सांगायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. पुढे ओल मोजायचं मशीन आलं. काकांचा आकडा आणि मशीनचा आकडा जुळला नाही, तर काका मशीन दुरुस्तीला पाठवायला सांगायचे. कास्तकार म्हणायचा, ग्रेडर व्यापाऱ्याला मिळालेला आहे. व्यापारी म्हणायचा, कास्तकाराला मिळालेला आहे. दोन्हीकडच्या शिव्या ऐकून काका संध्याकाळी शांतपणे हात धुऊन घरी यायचे. अशा माणसानं सुटीच्या दिवशी फुटबॉलचा पंच व्हावं, यात मला तरी नवल वाटत नाही.

गाव त्यांना सिट्टीकाका म्हणतं. गेली तीस वर्षं घाटंजीपासून झरी जामणीपर्यंत कुठंही फुटबॉलची स्पर्धा असो, मैदानाच्या मधोमध काळी हाफपँट घालून पळणारा माणूस हाच. आता पासष्टी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात, पण पळणं थांबलेलं नाही.

अडचण एवढीच, की सामन्याला पंच तीन लागतात. मधे एक शिट्टीवाला आणि दोन बाजूंना दोन झेंडेवाले. आमच्याकडे खेळणारे पोट्टे पायलीचे पन्नास, पंच कुठं चुकला हे सांगणारे त्याहून जास्त, पण झेंडा हातात धरायला कोणी तयार होत नाही. म्हणून काका बारा महिने पंच शोधत फिरतात. उपवर मुलीचा बापही इतका फिरत नसेल.

"कोरडा माणूस पाह्यजे," ही त्यांची अट. "ज्याले शिवी पचते, तोच पंच. ओला माल वरून चांगला दिसते अन् आतून तापते."

एकदा आठवडी बाजारात वांग्यांच्या ढिगापाशी एक सासू आपल्या जावयाला भर रस्त्यात झापत होती. जावई पिशवी धरून, मान खाली घालून उभा. काकांनी चार दुकानं मागं मागं जाऊन त्याला गाठलं. "जावईबापू, तुमी एवढे दिवस होते तरी कुठं?" जावई आला. पहिल्याच सामन्यात कोणीतरी त्याच्या सासूवरून बोललं आणि तो झेंडा उगारून प्रेक्षकांत घुसला. काकांनी खेद व्यक्त केला, "लै तापला होता आतून."

दुसरा एक विजेचे मीटर वाचणारा गृहस्थ. रोज शंभर दारांवर शिव्या खाणारा, म्हणजे तयार मालच. त्याला काका झरीकडे घेऊन गेले. मध्यंतरात तो लघवीला म्हणून पळसाच्या झाडांमागं गेला तो अजून यायचा आहे. झेंडा मात्र नीट घडी करून फांदीवर ठेवलेला सापडला. काका त्याच्याबद्दल आजही आदरानं बोलतात. "माणूस पळाला, पण झेंडा मातीत नाही टाकला त्यानं."

काकांनी लग्नात पंच शोधले, तेरवीत शोधले. मात्र लग्न असो की तेरवी, पंगतीला ते कधी बसले नाहीत. फक्त पाणी प्यायचे. चहासुद्धा नाही.

हा चहाचा भाग नीट सांगायला हवा. फार वर्षांपूर्वी एका सामन्याच्या सकाळी काकांनी एका कप्तानाच्या घरी चहा घेतला होता. दुपारी त्यांनी त्याच्या टीमच्या बाजूनं पेनल्टी दिली. पेनल्टी खरी होती, बॉल हाताला लागलेला अख्ख्या मैदानानं पाहिला होता. पण गर्दीतून एक जण ओरडला, "काका, चहात अद्रक टाकलं होतं काय?" मैदान हसलं. त्या दिवसापासून काकांनी नियम केला. पंचानं चहा घ्यावा तो आपल्या घरी, नाहीतर दुसऱ्या पंचाच्या घरी. ज्या घरात खेळाडू आहे, तिथं घ्यायचा नाही आणि त्या घरच्याला पाजायचाही नाही.

"पाणी चालते," ते सांगायचे. "पाणी गावाचं राह्यते. चहा घराचा राह्यते."

आता आमच्या गावात खेळाडू नसलेलं घर कोणतं? कोणाचा मुलगा, कोणाचा पुतण्या, कोणाचा भाचा. माझ्या घरी कोणी खेळत नाही. मी बॉलला शेवटची लाथ चौथीत मारली होती आणि बॉलऐवजी बूट गेला होता. पण माझा साळा पांढरकवड्याच्या टीममध्ये बॅक खेळतो, हे काकांना माझ्या लग्नाच्या आधीपासून ठाऊक. त्यामुळे रोज सकाळी ते आमच्या फाटकाशी यायचे, बाहेर उभे राहून गप्पा मारायचे आणि जायचे. माझी बायको सुरुवातीला म्हणायची, "या ना जी काका, चहा ठेवते." "नाही सूनबाई." असं किती वर्षं विचारणार? तिनं सोडून दिलं. गावानंही सोडून दिलं. काकू होत्या, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, मग तीन वर्षांपूर्वी काकूही गेल्या. काका फाटकाशी पूर्वीसारखेच येत राहिले, फक्त उभं राहणं जरा लांबत गेलं. आम्ही त्यावर हसायचो, हे आज सांगायला लाज वाटते.

यंदा दिवाळीनंतर त्यांनी फाटकावरून माझा हात धरला.

"सुध्या, तू पंचायत समितीत आहे ना?"

"हो काका. तुम्हाला माहीतच आहे."

"नावातच पंच आहे तुया हापिसाच्या. अन् तू मले पंच भेटू देऊन नाही राह्यला?" मग त्यांनी तळवा दाबला. "चौदा. वाळवू उन्हात."

मी हो का म्हणालो, देव जाणे. पण त्या क्षणापासून मी सुध्याचा सुधाकरराव झालो. ज्यांनी मला चड्डीत पाहिलं, ते मला 'तुमी' म्हणायला लागले. पंचाले अरे-तुरे करत नाहीत, हा त्यांचा आणखी एक नियम. माझ्या साळ्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पंच झाला का माणसाले साळा राह्यत नाही. पण पयले शिव्या पचवून दाखवा. मंग पंच." साळ्याच्या सामन्याला मला झेंडा द्यायचा नाही, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. पांढरकवडा पहिल्याच फेरीत हरलं आणि तो प्रश्न मिटला.

जानेवारीत स्पर्धा सुरू झाली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्या दिवशी न खेळणाऱ्या टीमचा कोणी पोट्टा. तीन सामने बरे गेले. चौथा उपांत्य सामना होता. आमच्याच गावची टीम आणि समोर झरीकडच्या एका पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची टीम. शेवटच्या पाच मिनिटांत, एका गोलनं मागं असलेल्या आमच्या टीमनं गोल केला. मी झेंडा वर केला. ऑफसाइड.

मग जे सुरू झालं त्यातलं छापण्याजोगं एवढंच. "ओ पंचायत समिती! गोल मंजूर करा, कागदपत्रं मागून जोडतो!" "घरकुलाच्या यादीसारखंच केलं रे यानं, खऱ्याचं नाव काटलं!"

काका धापा टाकत माझ्याजवळ आले. "सुधाकरराव, झेंडा वर आहे?"

"वर आहे."

"मंग गोल नाही." आणि त्यांनी शिट्टी वाजवली. पोडाची टीम एका गोलनं जिंकली.

तासाभरात व्हिडिओ गावभर फिरला. मी चुकलो होतो. थोडाथोडका नाही, चांगला हातभर. काकांनी तो फोन लांब धरून दोनदा पाहिला आणि म्हणाले, "चुकले तुमी. पण सिट्टी माझी वाजली. शिव्या माझ्याकडं येतीन. घरी जा."

त्यांच्याकडे गेल्याच, माझ्याकडेही आल्या. ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस आधी ऑफसाइडचा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा हे विचारायचा. दोन दिवस हसून घेतलं. तिसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या टपरीवर गेलो, तर टपरीवाला म्हणाला, "साहेब, तुमाले आता चहा चालत नसन ना?" बाकावरचे सगळे हसले. कोणी सरकून जागाही दिली नाही. मी न पिताच परत आलो आणि दिवसभर ते मनातून जाईना.

गुरुवारी सकाळी मी झेंडा वर्तमानपत्रात गुंडाळला. "देऊन या अन् सुटा एकदाचे," बायको म्हणाली. रविवारी फायनल होती.

काकांच्या घरात मी आत गेलो होतो तो काकूंच्या तेरवीला. त्यानंतर थेट आज. दार उघडलं आणि माझ्या काखेतली दांडी पाहून म्हातारा असा फुलला, की दांडी काखेतच राहिली.

"या या, सुधाकरराव! ऑफसाइड समजून घ्याले आले ना? मले माहीतच होतं, तुमी येसान. बसा. चहा ठेवतो."

"काका, ऐका ना..."

पण ते स्वयंपाकघरात गेलेही. तिथून बोलत होते. ऑफसाइड पाहताना बॉलकडं नाही, शेवटून दुसऱ्या गड्याकडं पाहायचं, वगैरे. मी दारापाशी जाऊन उभा राहिलो. गॅसवर पातेलं चढलं होतं. फळीवर एका ताटात तीन कप पालथे ठेवलेले होते, वर प्लास्टिकची पिशवी. काकांनी पिशवी काढली, एक कप उचलला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले.

"तुह्या काकूनं आणले होते. तीन पंच, तीन कप. आपल्या घरी पंच लोक येतीन म्हणे. पयल्यांदाच काढून राह्यलो." इतके हरखले होते, की 'तुमी' म्हणायचंही विसरले.

आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही, असं वाटून मी म्हणालो, "काका, मी झेंडा परत द्यायला आलो."

दूध वर यायला लागलं होतं. त्यांनी गॅस बंद केला. कप होता तसा ताटात पालथा ठेवला.

"ठेव मंग तिथं, सुध्या."

त्या 'सुध्या'नं मला जे वाटलं, ते मैदानावरच्या एकाही शिवीनं वाटलं नव्हतं.

"बस घडीभर," ते म्हणाले. "चहा नाही देऊ शकत तुले. साळा आहे तुया." मग पातेल्याकडे पाहत, "ती होती तोवर दोघं घेत होतो. एकट्यासाठी करतो तं दूध उरते अन् नासते. झेंडा धराले काय, दोन पोट्टे उभे केले तरी भागते सामना. मी पंच कायले शोधतो, तुले काय वाटते?"

मला वाटायचं खेळासाठी. सगळ्या गावाला तसंच वाटायचं. तीस वर्षं हा माणूस बाजारात, लग्नात, तेरवीत हात दाबत फिरला, तो आपल्याला कोणाच्या तरी घरी बसून एक कप चहा घेता यावा म्हणून. नियम मोडला असता तर गावातली सगळी दारं उघडी होती. पण मग तो भोयर राहिला नसता. मला फार वाईट वाटलं, आणि वर्षानुवर्षं फाटकाच्या अलीकडून हसलेलं सगळं आठवलं.

मी वर्तमानपत्र सोडलं आणि झेंडा त्यांच्या हातात दिला.

"परत म्हणजे दुरुस्तीला हो काका. दांडी हलते याची. रविवारच्या आधी खिळा ठोकून पाहिजे."

काकांनी दांडी हातात घेतली. दाबली. फिरवून पाहिली. ती तसूभरही हलत नव्हती. आयुष्यभर मुठीत कापूस दाबून खरंखोटं सांगितलेला माणूस तो, त्याला काय कळलं नसेल? त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हलते," ते म्हणाले. "लै हलते."

त्यांनी गॅस पुन्हा पेटवला. ताटातून दोन कप काढले आणि नळाखाली धरले. एकाच्या बुडाला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती, ती ते नखानं खरवडत बसले. सगळी निघाली नाही. चहाला उकळी आली तसा साखरेचा डबा उघडला, चमचा आत घातला आणि थांबले.

आमच्या घरांची भिंत एकच आहे. एकवीस वर्षं आम्ही तिच्या दोन बाजूंना राहतो.

"सुधाकरराव," त्यांनी पाठमोरंच विचारलं, "साखर किती घेता तुमी?"

"दोन चमचे," मी म्हणालो. "आणि तुम्ही?"