किल्ली काकांकडे, नंबर काकूंकडे

फोन वाजला की आमचे शेजारी दगडूकाका आधी त्या फोनवरच ओरडायचे, "आलो, आलो! ठिवू नगा!" कारण फोन लाकडी पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली काकांच्या करदोट्याला. सदरा वर धरून, करदोटा ताणून, पेटीपुढं वाकून ते कुलूप काढेपर्यंत घंटी थांबलेली असायची. मग काका शांतपणे म्हणायचे, "घाई असंल तर परत करील. घाई नसंल तर केलाच कशाला?"

हे नव्वदच्या दशकातलं कर्जत. आमच्या गल्लीत फोन तो एकच. पण काकांची खरी करामत कुलुपात नव्हती. बाहेरगावी फोन लावायचा तर आणखी एक अडसर होता. टेलिफोन ऑफिसात नोंदवलेला चार आकडी गुप्त नंबर दाबल्याशिवाय फोन गावाबाहेर जातच नसे. आणि तो नंबर फक्त पारूकाकूंना ठाऊक! काकूंकडे किल्ली नाही, काकांकडे नंबर नाही. एकट्याला फोन लावायची सोयच नाही.

रविवारी सकाळी नागपूरला दिलेल्या लेकीला, सुमनताईला फोन व्हायचा. तिच्या घरी फोन नव्हता. ती शेजाऱ्यांकडे येऊन थांबायची; त्यांच्या फोनवरून बाहेरगावी फोन लागत नसे. इकडे काका कुलूप काढायचे, पेटीवर बोटानं दोनदा टकटक करायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. वर डोळेही मिटलेले. काकू चष्मा लावून एकेक बटण हुडकून दाबायच्या.

"झालं?"

"वळा आता. लई झालं नाटक."

काका एस.टी.त कंडक्टर होते. हे सगळं तिथून आलेलं. "गाडी कदी एकट्याची नसती," ते सांगायचे. "घंटी माझी, ष्टेरिंग डायवरचं. मी डबल दिल्याबिगर त्यो हालत न्हाई. आन् त्यो नसला तर मी काय घंटी बडवत बसू?"

एकदा मी विचारलं, "काका, चोर आला तर?"

"येऊ दे. किल्ली नेईल. नंबर कुठनं आननार? हिला राजी करावं लागंल. मला सगळ्या संसारात जमलं न्हाई, त्याला एका रातीत जमतंय व्हय?"

दोघांचा अबोला झाला की अख्ख्या गल्लीचे फोन अडायचे. एकदा कुकरच्या शिट्टीवरून जुंपली. तिकडे कुणाची सून पुण्यात बाळंतपणाला अडलेली! शेवटी बायका घोळक्यानं आत शिरल्या. काकू म्हणाल्या, "त्यांनी आधी चुकलं म्हनावं." काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "चुकलं." पेटी उघडली. सुनेला मुलगा झाल्याचं कळलं, तेव्हा काका काकूंकडे बघून म्हणाले, "बघ, तुझ्यापायी उशिरा कळलं."

गल्ली हसायची. मी मात्र थक्क व्हायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी आजही ताठ मानेनं सांगते. तरी एवढी पक्की व्यवस्था मी दुसरीकडे कुठं पाहिली नव्हती. आता बँकेचं खातं मोबाईलवर बघायला आधी पासवर्ड लागतो, मग मेसेजमध्ये आलेला नंबर. लोक वैतागतात. मला काका-काकू आठवतात.

मग एका हिवाळ्यात काकू गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. नंबर त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. सांगायचा नाही, हेच तर ठरलं होतं. सुमनताई आली, राहिली, परत गेली. पुढं रविवार आले की काका पेटी उघडायचे, फोनकडे बघायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे. तिकडे ताई शेजाऱ्यांच्या घरी बसून असणार, हे गल्लीत सगळ्यांना कळत होतं. बाजारात एस.टी.डी. बूथ होता, पण तिथं काका जायला तयार नव्हते. "लेकीशी बोलायचं आन् बूथवाला माझ्या तोंडाकडं बघनार?"

मी म्हटलं, "काका, टेलिफोन ऑफिसात अर्ज देऊ. जुना नंबर काढून नवा घेता येतो."

"म्हाईत हाय मला. पन नवा ठिवू कुनापाशी?"

"तुमच्यापाशीच की."

"आन् किल्ली? दोन्ही माझ्याचकडं?" त्यांनी मान हलवली. "मग एकट्याचीच गाडी झाली की, पोरी."

काकांनी करदोट्याची किल्ली चाचपली. मग म्हणाले, "तू ठिवशील?"

अर्ज दिला. नंबर मी ठरवला. तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही, आणि सांगणारही नाही.

पहिल्या रविवारी मी गेले. काकांनी कुलूप काढलं. पेटीवर दोनदा टकटक केलं. भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले. मी पटापट बटणं दाबली.

"झालं काका. वळा."

काका वळले नाहीत.

"थांब जरा," ते भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले. "ती लई सावकास दाबायची."