परत आलेले प्रेअरी डॉग

व्हर्लिन हॉगेनच्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक त्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा बिळात गेलं, आणि समोरच्या मातीच्या ढिगाऱ्यावर एक प्रेअरी डॉग, म्हणजे बिळात राहणारा खारीच्या जातीचा गुबगुबीत प्राणी, मागच्या पायांवर उभा राहून त्याच्यावरच भुंकला. व्हर्लिनने हातातला पाना त्याच्या दिशेने भिरकावला. प्राणी बिळात गेला. पानाही बिळात गेला.

साउथ डकोटातल्या त्या कुरणात गाईंपेक्षा प्रेअरी डॉगच जास्त होते. गाईंच्या तोंडचं गवत खाऊन माजलेल्या खारी, असं व्हर्लिन म्हणायचा. आणि त्यापुढे तो जे म्हणायचा, ते त्याची बायको आर्डिस चर्चमधल्या बायकांना सांगत नसे.

शहरातल्या प्राणिसंग्रहालयाला प्रेअरी डॉग हवे आहेत, हे पेपरात तिनेच वाचलं. व्हर्लिनने लगेच फोन लावला आणि सगळे घेऊन जा म्हणून सांगितलं. आठवड्याने तिथली रेनाटा नावाची बाई पाण्याची टाकी घेऊन आली. बिळात साबणाचा फेस सोडला की एकेक जण शिंकत वर यायचा आणि ती त्याला टॉवेलात गुंडाळायची. सोळा झाले तशी ती आवराआवर करू लागली.

"आणि उरलेले?" व्हर्लिनने विचारलं.

"आम्हाला सोळाच हवे होते, मिस्टर हॉगेन."

तिने पुढे केलेल्या कागदावर त्याने रागारागाने सही ठोकली. वाचलं काहीच नाही.

दोन वर्षांनी तिचं पत्र आलं. सोळांचे सत्तावन्न झाले होते. त्यांनी फ्लेमिंगोंच्या तळ्याखाली बोगदे काढले होते आणि एका सकाळी फ्लेमिंगो पाणी निघून गेलेल्या चिखलात उभे सापडले होते. करारातल्या नवव्या कलमानुसार जादा प्राणी मूळ मालकाने परत घ्यायचे होते. 'मूळ मालक' हे शब्द वाचून व्हर्लिनचे कान लाल झाले. त्याने फोनवर अर्धा तास आरडाओरडा केला. रेनाटाने तो शांतपणे ऐकून घेतला आणि मंगळवारी एक्केचाळीस प्रेअरी डॉग आणून कुरणाच्या रिकाम्या कोपऱ्यात सोडले.

व्हर्लिन तिथे कमरेवर हात ठेवून उभा होता. गावठी प्रेअरी डॉग त्याची टोपी दिसली तरी बिळात गडप व्हायचे. हे एक्केचाळीस मात्र त्याच्या बुटांभोवती गोळा झाले आणि मान वर करून बघू लागले. त्याने पाय आपटला. ते आणखी जवळ सरकले.

"अकरा वाजलेत," रेनाटा म्हणाली. "ही त्यांची गाजराची वेळ."

ती गेल्यावर आर्डिस कुंपणाला टेकून बराच वेळ ते बघत राहिली.

"शिकारीला कोयोट लांडगा आला तर त्याच्यापुढेही असेच हात पसरतील रे हे," ती म्हणाली. "आठवडाभरात एकही उरायचा नाही."

"नाही उरला तर बरंच," व्हर्लिन म्हणाला आणि फाटक आदळून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी आर्डिसला कुरणातून पत्रा बडवल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर व्हर्लिन एका हातात तिची केकची थाळी आणि दुसऱ्या हातात हातोडा घेऊन त्या एक्केचाळीस जणांच्या मागे धावत होता. "अरे मूर्खांनो, पळा की! मी माणूस आहे!" असं तो गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता. ते थोडं अंतर दुडदुडत जायचे आणि गाजर कुठे आहे ते बघायला वळायचे. मग तो जास्तच चिडायचा, मातीची ढेकळं फेकायचा, आणि ती नेमकी कुणालाच लागायची नाहीत.

हे रोज चाललं. गाईंना चारा टाकायला उशीर होऊ लागला. त्याचा आवाज बसला. शेजारच्या रँचवरून फोन आला, की हॉगेनला बरं नाही का. आर्डिसने त्यांना सांगितलं, की तो अगदी ठणठणीत आहे, नुसता संतापलाय.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो लवकर घरात आला, खुर्चीत बसला आणि कॉफी ओढून घेतली. बाहेर सामसूम होती.

"काय झालं?" आर्डिसने विचारलं.

"चाळीस पळाले," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "नुसती टोपी बघून."

"आणि एक?"

व्हर्लिनने कॉफीचा घोट घेतला. त्याच्या कोटाच्या खिशातून गाजराचा हिरवा पाला बाहेर डोकावत होता.

"तो जरा मठ्ठ आहे," तो रागाने म्हणाला.