उखळी तोफेची पूजा

या दसऱ्याला आपणही हत्यारांची पूजा करायची, असं मी ठरवलं. अडचण एवढीच होती, की घरात हत्यार नव्हतं. (नेलकटर आहे, पण तो बायकोचा, वर्षालीचा. आणि तिला विचारल्याशिवाय मी तो वापरत नाही.)

माझे बाबा फिटर होते. शहाडच्या एका कारखान्यात त्यांची हयात गेली. दसऱ्याला त्यांचे पाने, हातोड्या, कानशी पाटावर मांडून वर झेंडू वाहिला जायचा. गेल्या मे महिन्यात बाबा गेले. तेराव्याचं जेवण उरकलं आणि माझ्या थोरल्या भावाने, सुदेशने, हत्यारांची पेटी उचलून सरळ गाडीच्या डिकीत टाकली.

"तुला काय उपयोग रे, भगवान? तू ऑफिसवाला!"

त्याचं मानपाड्याला वर्कशॉप आहे, आणि आईसुद्धा त्याच्याकडेच असते. मी "ने की" म्हणालो आणि तेव्हापासून आतल्या आत जळतोय. पेटी मला नकोच होती. पण बाबांनी माझ्यासाठी काहीच ठेवलं नाही, हे काही केल्या घशाखाली उतरत नव्हतं.

अशात माळा साफ करताना बाबांनी कधीतरी तिथे टाकलेली गोणी सापडली. तिच्यात एक बिडाची वस्तू निघाली. जड, गंजलेली, घंटेसारखी, पण आत लोलक नाही आणि डोक्यावर कडी. ती माझ्या शाळेच्या शर्टात गुंडाळलेली होती! खिशावर शाळेचं नावसुद्धा होतं. मला तिथेच भरून आलं. बाबांनी ही माझ्यासाठीच ठेवली होती.

पण होती काय?

"अहो, भाऊजींना फोटो पाठवा. एका मिनिटात सांगतील," वर्षाली म्हणाली.

"मरेन, पण त्याला विचारणार नाही."

"बरं. पण आधी संडासाच्या फ्लशचं बघा. गणपतीपासून बादली ओततेय मी."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. (संसारात मला एवढी एकच कला नीट साधली आहे.) मुलीच्या, मृणालच्या, मोबाइलने फोटो पाहून ती मेंढीच्या गळ्यातली घंटा असल्याचं सांगितलं. एवढी घंटा गळ्यात बांधायला मेंढी म्हशीएवढी लागली असती. शेवटी तळमजल्यावरच्या साईनाथरावांकडे गेलो. ते दर रविवारी गड चढतात, त्यामुळे उरलेले सहा दिवस इतिहासावर बोलतात. त्यांनी वस्तूवर टिचकी मारली, डोळे मिटले.

"भगवानराव, हे उखळी तोफेचं तोंड आहे."

"नक्की?"

"दुसरं काय असणार?"

एवढा पुरावा मला पुरला. जिना चढेपर्यंत माझे पणजोबा तोफा ओतत होते आणि दुसऱ्या मजल्यावर त्यांना जहागीर मिळाली होती. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, 'घराण्याचा वारसा'. गंज खरवडला, खोबरेल चोपडलं, आणि सुदेशला मुद्दाम फोन केला. "दसऱ्याला आईला घेऊन ये. बाबांनी मला काय दिलंय ते बघ."

दसऱ्याला पाटावर तोफ, तिच्यावर झेंडू, आपट्याची पानं, उदबत्ती. आई आत आली, वाकली आणि तशीच थांबली.

"अरे, संडासाच्या टाकीतलं हे पाटावर कुणी ठेवलं?"

सुदेश इतका हसला, की त्याला सोफ्यावर बसावं लागलं.

"चाळीत उंचावर लोखंडी टाकी नव्हती का?" आई म्हणाली. " साखळी ओढली की पाणी यायचं. तिच्या आतलं हे. बिघडलं, तेव्हा यांनी काढून ठेवलं होतं, भंगारात देऊ म्हणून."

"पण आई, माझ्या शर्टात गुंडाळलं होतं!"

"मग काय नव्या धोतरात गुंडाळायचं? हाताशी फडकं होतं, घेतलं."

"म्हणजे बाबांनी माझ्यासाठी काहीच नाही ठेवलं?" माझा आवाज चिरकला. मुलीसमोर चिरकला, याची जास्त लाज वाटली.

आई घसरलेला झेंडू सरळ करत म्हणाली, "ते म्हणायचे, हत्यारं सुदेशला द्या. भगवानला साखळी ओढता येते, पाणी कुठून येतं हे तो विचारत नाही." त्यात राग नव्हता. राग असता तर मला भांडता तरी आलं असतं.

तेवढ्यात साईनाथराव सोनं द्यायला सहकुटुंब आले. चपला काढून, डोकं टेकवून त्यांनी टाकीतल्या त्या घंटेला नमस्कार केला. सुदेश म्हणाला, "काका, नीट दर्शन घ्या. असं कुठे बघायला मिळत नाही."

मग तो उठला आणि बाथरूममध्ये गेला. आत थोडी खडखड झाली. हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "वर्षाली, फ्लश झाला गं."

वर्षालीने त्याला दोन्ही हातांनी सोनं दिलं. मला ती सकाळी विसरली होती.

तोंड लपवायला घरात एकच जागा होती. मी आत जाऊन कडी लावली. बराच वेळ नुसता उभा होतो. बाहेर संशय नको म्हणून शेवटी बटण दाबलं.

धो धो पाणी आलं. कुठून, ते मी विचारलं नाही.