देवमन कंडक्टरचं कोहळं

देवाला किती द्यायचं आणि घरात किती ठेवायचं, हे अख्ख्या अनसिंगात फक्त एका माणसाला नीट कळतं, असं देवमनचं ठाम मत होतं. आणि तो माणूस कोण, हे सांगायला तो कधी लाजत नसे. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. सुट्ट्या पैशांवरून त्याने कुणाला सोडलं नाही, स्वतःलाही नाही. निवृत्त झाल्यावर तो गावातल्या छोट्या चर्चचा खजिनदार झाला, तेव्हा सेवादास पाळक म्हणाले होते की आता प्रभूचा पैसा अगदी सुरक्षित आहे. तो इतका सुरक्षित झाला, की त्या पेटीतून बाहेर फारसं काही जाईनाच.

पेन्शन आली की आधी दशांश. म्हणजे दहावा हिस्सा देवाचा. मग वीजबिल, किराणा, औषधं, आणि उरेल ते बाजूला. दशांशात एक पैसा कमी नाही, पण एक पैसा जास्तही नाही! जास्त दिलं तर वर देवाचा हिशेब चुकेल, अशी काहीतरी काळजी त्याला असावी. एवढं करूनही दर महिन्याला थोडी रक्कम कुठेतरी गळायचीच. देवमनने त्या गळतीला महागाई असं नाव देऊन टाकलं होतं आणि तिचा दोष चौकातल्या चहाच्या टपरीवर ठेवला होता.

यंदाच्या पिकाच्या सणाला त्याचे दोन बेत होते. पहिला, उपासनेनंतर मंडळीला पैशाच्या नियोजनावर चार शब्द ऐकवायचे. दुसरा बेत घरचा होता. त्याच्या बायकोची, ललिताबाईची, मनगटं धुणं पिळून पिळून दुखायची. तिच्यासाठी कपडे धुण्याचं मशीन घ्यायचं म्हणून त्याने मोठ्या निगुतीने पैसे साठवले होते. सण आटोपला की दुपारच्या बसने दोघांनी वाशीमला जायचं, रोख मोजायची आणि मशीन टेम्पोत घालून आणायचं. पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात तयार होतं.

"अजी, मले नाई पाह्यजे मशीन," ललिताबाई सकाळी पुन्हा म्हणाली.

"हात पाह्य आपले. कसे सुजले."

"हात माहे हायेत. मी पाह्यन त्याइचं काय करायचं थे."

"लोकाइच्या बायका मांगून मांगून थकतात, अन् हे नाई म्हनून राह्यली," देवमन कौतुकाने हसला. बायको साधीभोळी आहे, असं त्याला लग्नापासून वाटत आलं होतं.

ललिताबाईने मग मोरीवरच्या पत्र्यावर वाढवलेलं लाल भोपळ्याचं भलंमोठं फळ, वऱ्हाडात ज्याला कोहळं म्हणतात ते, पदराने पुसलं आणि कडेवर घेतलं. सणाला प्रत्येक घरातून असं काहीतरी जायचं. कुणी सोयाबीन, कुणी तुरी, कुणी कोंबडी, कुणी नुसतं लिंबू. उपासना झाली की त्या सगळ्याचा लिलाव. आता या लिलावाला बाजारभाव लागू नाही. लिंबू कोंबडीच्या भावात जातं. त्यातही विकत घेणारा वस्तू हातात घेतो, डोळ्याला लावतो आणि म्हणतो, "परत देवाले!" मग तीच वस्तू पुन्हा टेबलावर येते आणि पुन्हा विकली जाते. देवमनला हे कधीच पटलं नाही. त्याच्या मते हा एकच तिकीट दोन पॅसेंजरला विकण्याचा प्रकार होता, आणि नोकरीत असता तर त्याने याचा रिपोर्ट केला असता. आजवर त्याने लिलावात तोंड उघडलं नव्हतं.

यंदा लिलावाचे पैसे सपनासाठी होते. सपना म्हणजे शेजारच्या रवी ऑटोवाल्याची मुलगी. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता, पण फी अर्धीच जमली होती, आणि सोमवारपर्यंत भरली नाही तर जागा जाणार होती. रवीचं घर बौद्ध. तो काही मंडळीचा सभासद नव्हता. पाळकसाहेबांनी विषय काढला तेव्हा देवमन म्हणाला होता, "पोरगी गुनाची हाये. पन पेटी आपल्या लोकाइची हाये. हिशेबात बसन तेवढं देऊ."

घरी येऊन हे त्याने ललिताबाईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. कोथिंबीर आणते म्हणून ती भाजी विकणाऱ्या रुपाबाईकडे गेली आणि बऱ्याच वेळाने कोथिंबीर न घेताच परत आली.

उपासना छान झाली. देवमनचे चार शब्द चाळीस मिनिटं चालले. "ऐपतीभायेर देऊ नका. भावनेत येऊन देनं म्हंजे ब्रेक नसलेली गाडी," असं त्याने शेवटी बजावलं आणि तो मागे पेटीपाशी जाऊन बसला. लिलाव सुरू झाला. लिलाव करायला उभा होता भाऊसिंग, देवमनचा जुना ड्रायव्हर. दोघांनी मिळून रिसोडच्या रस्त्यावर आयुष्य काढलेलं.

तुरी गेल्या, कोंबडी गेली, एक लिंबू तर जाता जाईना, दर वेळी परत देवालाच. देवमनचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. बस चुकली की दुकान बंद होणार. कोहळं टेबलावर आलं तेव्हा बायकांच्या बाजूने रुपाबाईने शंभर म्हटलं. रुपाबाई विधवा, आठवडी बाजारात भाजीच्या जुड्या विकणारी. शंभर ठीक होते. आता आटप आणि पुढची वस्तू घे, एवढंच सांगायला देवमनने किल्लीने पत्र्याच्या पेटीवर वाजवलं. टण्‌ टण्‌.

डबल बेल! एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे सोड गाडी. ज्या माणसाने तीस वर्षं पाठीमागून तोच आवाज ऐकून गिअर टाकला, त्याचे कान निवृत्त थोडेच होतात?

"देवमनभाऊ, दोनशे!" भाऊसिंग गरजला.

सगळं चर्च मागे वळून बघायला लागलं. देवमन बोली बोलला! कुणीतरी हालेलुया म्हटलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. आता नाही म्हणायचं तरी कसं? देवाच्या लिलावात बोली मागे घेता येत नाही. दोनशे गेले, असं मनाशी म्हणून देवमनने दात आवळले.

"पाचशे," रुपाबाई म्हणाली.

देवमनला आधी हायसं वाटलं. मग त्याने मनात हिशेब केला. पाचशे? ही बाई पाचशे आणणार कुठून? कानातलं मोडेल, नाहीतर कुणाकडून उसने घेईल, आणि वर खजिनदार म्हणून ते पैसे आपणच पेटीत टाकायचे. तिला वाचवायला हवं होतं.

"हजार," तो म्हणाला. या वेळी तोंडाने.

"दीड हजार." रुपाबाईचे डोळे मिटलेले, पदर डोक्यावर, आवाज अगदी शांत.

"रुपाबाई, जरा इचार कर," देवमन जागेवरून कळवळला. "म्या आताच सांगतलं ना, ऐपतीभायेर..."

"तुमी बोली बोला, भाऊ. भाषन झालं तुमचं."

बायकांच्या बाजूला खसखस पिकली. ललिताबाई मात्र हसली नाही. ती खाली मान घालून चटईची काडी मोडत बसली होती.

मग जे झालं ते अनसिंगात अजून सांगतात. देवमन चढला की रुपाबाई चढायची. कोहळ्याची किंमत बकरीच्या पुढे गेली, मग सायकलच्या पुढे गेली. लोकांनी हसणं थांबवलं. कुणी हलेना. देवमनला घाम फुटला होता, पण त्याच वेळी त्याला काहीतरी विलक्षण वाटायला लागलं होतं. ही बाई नाण्यांची पुरचुंडी पेटीत टाकते, ती आपण दर रविवारी मोजतो, आणि हिच्याकडे एवढं धैर्य आहे? आपण आयुष्यभर देवाला बरोबर सुट्टे दिले. हिने बहुतेक कधी मोजलंच नाही. त्याचा हात आपोआप आतल्या खिशात गेला. पाकीट बाहेर आलं. आपल्या तोंडून काय निघतंय ते त्याने स्वतःच आश्चर्याने ऐकलं.

"ह्या पाकिटात जेवढे हायेत तेवढे सारे."

रुपाबाईने डोळे उघडले आणि ती गप्प झाली. भाऊसिंगने टेबलावर हात आपटला. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. पाळकसाहेबांनी स्वतः कोहळं उचलून देवमनच्या हातात ठेवलं. कोहळं जड होतं, पण देवमनला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. मशीन गेलं होतं, बायकोला दिलेला शब्द गेला होता, आणि तरी छातीत काहीतरी उघडल्यासारखं झालं होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याला कळलं कशाची वाट बघताहेत ते.

"परत देवाले," तो पुटपुटला.

कोहळं पुन्हा टेबलावर! भाऊसिंगने दम घ्यायच्या आत रुपाबाई म्हणाली, "माह्या जवळ हायेत तेवढे सारे."

देवमन दचकला. ज्या बाईला वाचवायला मशीन घालवलं, ती पुन्हा खड्ड्यात! त्याने घाईघाईने भाऊसिंगला थांबवायला पेटीवर किल्ली आपटली. टण्‌.

सिंगल बेल. भाऊसिंगने कचकन ब्रेक दाबला. "थांबलं! रुपाबाईचं कोहळं!"

आता रुपाबाई पेटीपाशी आली आणि तिने उशीच्या जुन्या खोळीची गाठ सोडली. आतून नोटा निघाल्या, आणि निघतच राहिल्या. देवमनने पहिली उचलली आणि त्याचा हात थांबला. नोट उभी दुमडलेली होती. कंडक्टर बोटांच्या बेचक्यात धरतात तशी. दुसरीही तशीच. सगळ्याच तशा. रंग उडालेल्या, वाळून कडक झालेल्या, आणि त्यांना धुण्याच्या साबणाचा वास येत होता.

"रुपाबाई, ह्या नोटा कोनाच्या?"

"देवाच्या," रुपाबाई म्हणाली, आणि तिने बायकांच्या बाजूला पाहिलं. ललिताबाई लगबगीने चपला शोधायला बाहेर गेली.

देवमनने तिला कडुलिंबाच्या झाडाखाली गाठलं. बस केव्हाच गेली होती.

"ललिता, काय होय हे?"

"घरात कपडे कोन धुते?"

"तू."

"मंग खिसे कोन पाह्यते?" ललिताबाई झाडाकडे बघत बोलत होती. "पेटीचा हिशेब तुमी पक्का ठेवता, पन सदऱ्यात, पँटीत, त्या बारक्या चोरखिशात नोट दुमडून ठेवली का भुलता. नोकरीत होते तवापासून. पह्यले मी वापस ठेवत होती. मंग एकडाव रुपाबाईचा पोरगा बिमार पडला, हातात तुमचीच ओली नोट होती. देल्ली. तवापासून कोनाले औषद, कोनाच्या घरावर टिनं, कोनाच्या लेकराले जोडे. काई रुपाबाईजवळ ठेवत गेली. थेच आज सपनासाठी बोलीत लावाले सांगतले."

"अन् मले नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तुमी त्याच्यातला दशांश काढून बाकीचे वापस मांगतले असते."

देवमनने अगदी तेच केलं असतं. मग त्याला ती टिनं आठवली. ते जोडे आठवले. प्रार्थनेच्या बैठकीत लोक उभं राहून साक्ष देत, की देवाने कुठून तरी पाठवलं, आणि तो दर वेळी सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणायचा. एवढी वर्षं देव त्याच्याच खिशातून देत होता, आणि तो महागाईला शिव्या घालत होता.

"म्हंजे... थे म्या देल्लं?"

"तुमीच देल्लं. फक्त तुमाले मालूम नोतं."

"अन् आज आपन दोघं एकमेकाच्या वरतं बोली लावून राह्यलो होतो? आपल्याच कोहळ्यासाठी?"

"मले काय मालूम तुमी तोंड उघडसान! जनमात कदी उघडलं नाई," ललिताबाई म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "मशीन राहू द्या आता. मनगटाले तेल लावन. मशीन काय खिसे पाह्यते?"

सोमवारी सपनाची फी भरली गेली. रवीने दोघांना ऑटोत बसवून अख्ख्या गावातून फिरवलं आणि भाडं विचारलं तर कानावर हात ठेवले. रुपाबाईने कोहळं ललिताबाईच्याच दारात आणून ठेवलं, आणि त्याची भाजी गल्लीतल्या सगळ्या घरांत गेली. देवमन भारावल्यासारखा हिंडत होता. टपरीवाल्याला तर त्याने उगाचच सलाम केला.

धुण्याच्या दिवशी सदरा काढून देताना तो दाराआड बराच वेळ उभा राहिला. आता समजून-उमजून द्यायचं होतं. त्याने पाचशेची नोट काढली. मग वीजबिल आठवलं. शंभराची काढली. मग आठवलं की महिना अजून अर्धा जायचाय. शेवटी एक नोट उभी दुमडून त्याने अलगद खिशात सरकवली आणि देवाचं नाव घेऊन तो खुर्चीत बसला.

मोरीतला धुण्याचा आवाज थांबला. ललिताबाई ओल्या हाताने नोट धरून दारात आली. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती.

"अजी, तब्येत बरी हाये ना तुमची?"

"काहून?"

"नाई म्हनलं, भुलत होते तवा शंभराच्या खाली कदी निघाली नाई. आज दहाचीच कशी?"