थर्माकोल, जरा वर

पहिल्याच कामात आपण लोकांच्या डोळ्यांतून पाणी काढणार, याबद्दल दिग्दर्शकाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. फिल्मचा कोर्स संपून जेमतेम दोन महिने झाले होते. व्हिजिटिंग कार्डावर ‘दिग्दर्शक’ असं छापून झालं होतं, आणि यापुढे आपल्याला चारचौघांत ‘बाळ्या’ म्हणू नये, अशी घरच्यांना ताकीदही देऊन झाली होती.

काम वडिलांनीच आणलं होतं. त्यांच्या ओळखीचे एक घड्याळवाले काका चाळीस वर्षांचं दुकान बंद करत होते, आणि परदेशातल्या त्यांच्या मुलीला दुकानात बसलेल्या काकांचा दहा मिनिटांचा व्हिडिओ हवा होता. तिच्याशी सगळं बोलणंही वडिलांनीच केलं. फोनवर लोकांच्या मागण्या ऐकत बसायला दिग्दर्शकाला सवड कुठे होती? शूटिंगला एकच दिवस होता. दुसऱ्या सकाळी दुकान नव्या मालकाच्या ताब्यात जायचं होतं.

मदतीला वडीलच आले. काकांच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून उभं राहायचं, एवढंच त्यांचं काम. पण कामाच्या ठिकाणी ‘बाबा’ म्हणणं काही बरं दिसत नाही. म्हणून दिग्दर्शक त्यांना तक्त्याच्याच नावाने हाक मारू लागला.

“थर्माकोल, वर! अजून वर! एक काम सांगितलंय, तेही जमत नाही?”

“हो, हो,” म्हणत वडील तक्ता वर करायचे.

रेकॉर्डिंग चालू असल्याचा लाल दिवा दिसला की माणूस बुजतो, हे दिग्दर्शक कोर्समध्ये शिकला होता. त्याने हुशारीने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. खिडकीच्या झगझगाटात कॅमेऱ्याची स्क्रीनही धड दिसत नव्हती, पण तिकडे त्याने काणाडोळा केला. कॅमेरा स्टँडवर बसवताना अंगठा बटणावर पडला होता, हे तर त्याच्या गावीही नव्हतं.

काकांना त्याने भाषण लिहून दिलं होतं. “काळ हा अथांग सागर आहे,” काका म्हणाले आणि थांबले. “पण मी सागर बघितलेलाच नाही हो.”

“कट! काका, बघितला नसला तरी म्हणा!”

असे अकरा टेक झाले. प्रत्येक टेकला काका परीक्षेला बसल्यासारखे ताठ व्हायचे आणि ‘कट’ म्हटलं की सैल पडायचे. मग ते आणि वडील गप्पा मारत बसायचे, आणि दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे उभा राहून मित्राला फोनवर सांगायचा, “एक ठोकळा समोर बसलाय आणि एक बाजूला उभा आहे. कुठे अडकलो यार!”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने कॉम्प्युटरवर फाइली उघडल्या आणि तो एकेक फाइल पुन्हा पुन्हा चालवून बघू लागला. बटण एकच होतं. एकदा दाबलं की रेकॉर्डिंग चालू, पुन्हा दाबलं की बंद. अंगठ्याने ते आधीच चालू केलं होतं. त्यामुळे ‘ॲक्शन’ म्हणून तो कॅमेरा बंद करत होता आणि ‘कट’ म्हणून चालू. अथांग सागराचा एक थेंबही हाती लागला नव्हता. हाती लागल्या होत्या त्या अकरा टेकच्या मधल्या गप्पा.

थर्माकोल काखेत धरून वडील विचारत होते, “मुलीची आठवण येत असेल ना?”

“ती गेली तेव्हा मी सोडायला गेलो नाही. दुकानात काम आहे म्हणालो,” काका सांगत होते. “काम कसलं? शटर ओढून घेतलं आणि चांगलं चालणारं घड्याळ उघडून बसलो. दिवसभर.”

एवढ्यात मागून आवाज आला, “थर्माकोल! गप्पा मारायला आणलंय का तुम्हाला?”

काकांनी हळूच विचारलं, “ऐकून कसं घेता हो?”

“पहिलंच काम आहे त्याचं,” वडील म्हणाले. “घाबरलाय पोरगा.”

दिग्दर्शकाचे कान तापले. काल हे घाबरणं त्याने स्वतःलाही कळू दिलं नव्हतं. स्वतःचा आवाज काढून टाकायची त्याने खूप खटपट केली, पण त्याचं खेकसणं काकांच्या प्रत्येक चांगल्या वाक्यावर सांडलेलं होतं. ते काढायचं तर काकाच निघून जात होते. शेवटी संध्याकाळी त्याने वडिलांना सगळं दाखवलं. वडिलांनी ‘ठोकळा’ही ऐकलं.

व्हिडिओ संपल्यावर ते म्हणाले, “तक्ता खरंच खाली जात होता रे. आहे तसं पाठवून दे. तिला तिचे वडील दिसू देत.”

त्याने पाठवलं. दोन दिवसांनी मुलीचा फोन आला, अर्थात वडिलांनाच. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

“काका, मी तीनदा बघितला,” ती रडत होती. “आमच्या वडिलांना इतकं बोलतं कुणीच केलं नव्हतं. दिग्दर्शक असावा तर तुमच्यासारखा. फक्त एक सांगू? तो मागून ओरडणारा मदतनीस पुढच्या वेळी नका आणू. फार उद्धट आहे.”

दिग्दर्शकाने मान खाली घातली. बाबा आता खरं काय ते सांगतील म्हणून तो थांबला, आणि सांगू नये म्हणून देवाचा धावाही करत राहिला.

वडिलांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं.

“शिकेल हो,” ते म्हणाले. “तसा चांगल्या घरातला आहे.”